बदलत्या नियमांत ठिबकची फाईल पुढे नेताना

जालना जिल्ह्यात मोसंबी करणाऱ्याला ठिबकचं महत्त्व सांगावं लागत नाही. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या भागातल्या बागाच्या बागा वाळल्या आणि सरपणाच्या भावानं गेल्या. ज्यांनी टँकर घालून झाडं जगवली त्यांनी पुढे पाण्याचा हिशोब धरायला सुरुवात केली. आमच्या आबांनी 2014-15 मध्ये अनुदानावर संच बसवला. त्यावर विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरायचं. पण पुढे नळ्या कडक पडल्या, ड्रिपर क्षारानं बुजले, उंदरांनी कुरतडलेल्या जागी जोड देऊन देऊन वैताग आला. आबा गेल्यानंतर शेतीचं सगळं माझ्याकडे आलं आणि नवा संच घ्यायचं ठरवलं.

अर्ज केल्यापासून संच बसेपर्यंत नियम इतके हलले की एका टप्प्यावर कुणाला काय विचारावं तेच कळेना. या वाटेनं निघालेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आधी अनुदान किती ते. अल्प व अत्यल्प भूधारक, म्हणजे 2 हेक्टरपर्यंत जमीन असणारे, त्यांना 80 टक्के. बाकीच्यांना 75 टक्के, 5 हेक्टरच्या मर्यादेत. यातले अनुक्रमे 55 आणि 45 टक्के 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेचे, वरचे 25 आणि 30 टक्के राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून. 'प्रति थेंब' पूर्वी प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेखाली होती, 2022-23 पासून ती राष्ट्रीय कृषी विकास योजनेत गेली. त्यामुळे कागदावर कुठे हे नाव दिसतं, कुठे ते. घाबरायचं कारण नाही. खरा प्रश्न असा की 80 टक्के कशाचे? आपल्या बिलाचे नव्हेत. दोन नळ्यांतल्या अंतरानुसार हेक्टरी खर्च सरकारनं ठरवून दिलेला असतो, त्याचे. मोसंबीसारख्या लांब अंतराच्या बागेला तो खर्च कमी धरतात. आपण झाडाच्या दोन्ही बाजूंनी नळी टाकली, तर वाढीव खर्च आपल्या खिशातून जातो. विक्रेता "ऐंशी टक्के परत मिळणार" म्हणतो तेव्हा हे सांगत नाही.

पहिली अडचण जुन्या लाभाची. एका गटावर, म्हणजे सातबाऱ्यावरच्या एका गट नंबरच्या जमिनीवर, एकदा ठिबक घेतलं की पुन्हा कधी मिळणार? 2016-17 च्या आधी लाभ घेतला असेल तर दहा वर्षं थांबायचं, त्यानंतर घेतला असेल तर सात. म्हणजे आबांचा 2014-15 चा संच आणि चुलतभावाचा 2017-18 चा, दोन्ही एकाच वर्षी पात्र. गावात मात्र जो तो आपापलं सांगायचा. कुणी म्हणे दहाच, कुणी म्हणे आता सगळ्यांना सातच. मी आबांच्या जुन्या फाईलमधून पूर्वसंमतीचं, म्हणजे संच बसवायच्या आधी कृषी खातं देतं त्या मंजुरीचं, पत्र शोधून काढलं. त्यावरच्या तारखेनं वाद मिटला. ते पत्र आबांनी पीककर्जाच्या कागदांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, म्हणून काम झालं. जुना कागद कधी टाकू नका, संच भंगारात गेला तरी.

2024 मध्ये महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज टाकला. 23 रुपये 60 पैसे भरले, पावती काढून ठेवली. तेव्हा पद्धत सोडतीची. सोडत निघाली की मेसेज येणार, नाव आलं तर आलं. माझं आलं नाही. मग 2025-26 पासून सोडत बंद झाली आणि 'प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य' आलं. हा बदल मला मनापासून पटतो. सोडतीत वर्षानुवर्षं नाव न लागलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना आपला नंबर कितवा हेसुद्धा कळत नसे. पण बदलाच्या त्या काळात जुना अर्ज धरला जाणार की नवा करायचा, हे कुणी छातीठोक सांगेना. सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, "काका, नवीनच टाकून देऊ, रिस्क नको." मी नाही म्हणालो. जो पहिला त्याला पहिलं, असा नियम असेल तर जुन्या अर्जाची तारीख हीच माझी जमेची बाजू होती. अर्ज क्रमांक आणि तारीख असलेली पावती जोडून लेखी विचारणा केली, पोचवर शिक्का घेतला. जुना अर्ज कायम राहिला.

तोवर दुसरा बदल आला. 15 एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ॲग्रिस्टॅकचा फार्मर आयडी, सक्तीचा झाला. कल्पना चांगली आहे. आयडी झाल्यावर दरवेळी सातबारा, आठ अ चढवायची कटकट बरीच कमी झाली. पण आयडी मिळेपर्यंतचं काम सोपं नाही. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळलं पाहिजे. आबांच्या वारस नोंदीत माझ्या नावापुढे आबांचं नाव 'ज्ञानदेव' ऐवजी 'ज्ञानोबा' लागलं होतं. गावात सगळे त्यांना ज्ञानोबाच म्हणायचे, पण संगणकाला ते काय माहीत. अशी लेखनातली चूक दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 155 आहे, तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. मूळ फेरफाराची नक्कल, आधार आणि आबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला. तलाठी, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, चांगले भेटले. त्यांनी फेरफार समोर ठेवून कुठली नोंद कुठे चुकली ते बोट ठेवून दाखवलं.

जमीन आई, मी आणि धाकटा भाऊ अशी सामाईक. त्यामुळे बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि आयडी मात्र प्रत्येकाचा वेगळा. आईचा मोबाईल नंबर आधारला जोडलेला नव्हता, ओटीपी येईना. आधी ते काम, मग आयडी. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं खातेदार आहेत त्यांनी इथून सुरुवात करावी, अर्जापासून नव्हे.

पूर्वसंमती आली ती सप्टेंबर 2025 मध्ये. त्या महिन्यात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांना माहीत आहे. पूर्वसंमती मिळाल्यापासून 30 दिवसांत संच बसवून बिल चढवायचं असतं, आणि आमच्या बागेत पाणी उभं. चर खणायला गेलं तर कुदळ मारली की खड्डा पाण्यानं भरायचा. मी त्याच आठवड्यात तारीख दिसेल असे फोटो काढले, मुदतवाढीचा अर्ज लिहिला, कार्यालयात दिला आणि पोच घेतली. "बघू, वरून काय येतं ते" एवढंच उत्तर मिळालं. वाट बघत बसलो नाही. वरच्या बाजूची जमीन आधी वाफशावर आली, म्हणजे काम करण्याइतकी सुकली, तिथून मेन लाईन पुरायला घेतली. खालच्या बाजूला शेवटच्या आठवड्यात नळ्या अंथरल्या. बिल मुदतीत चढलं. पण खरं सांगतो, आमची जमीन उताराची आहे म्हणून जमलं. नदीकाठच्या ज्या शेतकऱ्यांची मातीच वाहून गेली त्यांनी तीस दिवसांत काय करायचं होतं? अतिवृष्टी झालेल्या महसूल मंडळांत ही मुदत आपोआप वाढली पाहिजे, शेतकऱ्याला अर्ज करत फिरायला लावू नये, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच महिन्यात आणखी एक बदल. ठिबक संचावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. माझं कोटेशन जुन्या दराचं होतं. विक्रेता म्हणाला, "कोटेशनप्रमाणेच बिल करू, नाहीतर फाईल अडकेल." मी म्हणालो, "शेठ, बिलाची तारीख नवीन आहे, कर जुना कसा लागेल?" नव्या दरानंच बिल घेतलं आणि फरकाचं कारण एका ओळीत लिहून सोबत जोडलं. त्यावरून काहीही अडलं नाही.

मोका तपासणीला सहायक कृषी अधिकारी मॅडम आल्या. हेही पद नवं, पूर्वीचे कृषी सहाय्यक. त्यांनी आधी फिल्टरजवळ उभं करून माझा फोटो काढला, त्यात अक्षांश-रेखांश उमटतात. मग टेप घेऊन दोन ओळींतलं अंतर मोजलं, नळी उचलून त्यावरचा आयएसआय मार्क आणि छापलेला तपशील बिलाशी ताडून पाहिला, पंप सुरू करायला लावला आणि शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेल्या. टोकाच्या ड्रिपरखाली हात धरून थेंब पडतोय का ते बघितलं. आराखड्यात एक सबमेन (मेन लाईनमधून नळ्यांना पाणी देणारी पाइप) वेगळ्या जागी दाखवली होती, ती त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली. "भाऊ, हे आत्ता केलं नसतं तर फाईल परत आली असती," म्हणाल्या. कामाची माणसं आहेत, पण एकेकीकडे किती गावं असतात तेही बघायला हवं. नियम बदलला की आधी त्यांना शिकवा, मग आम्हाला लावा.

पैशाचं शेवटचं. संचाची पूर्ण रक्कम आधी आपण द्यायची, अनुदान मागून. ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतं, आणि ते खातं आपल्याला वाटतं तेच असेल असं नाही. माझं पीककर्जाचं खातं जिल्हा बँकेत, पण आधार जोडलेलं होतं दुसऱ्याच बँकेला, कधीकाळी गॅससाठी उघडलेल्या खात्याला. ते बंद पडलं होतं. तपासणीच्या आधीच बँकेत जाऊन ते बदलून घेतलं.

पूर्वसंमतीच्या पत्रावर 'या अर्जाला अमुक तारखेचे नियम लागू' अशी एक ओळ छापावी, एवढीच माझी कृषी खात्याकडे मागणी आहे. मधल्या काळात काय बदललं ते शेतकऱ्यानं गावगप्पांतून गोळा करायची वेळ येणार नाही. संच घ्यायला सोसायटीचं नाहीतर सावकाराचं कर्ज काढलेला माणूस एक-एक महिना व्याज भरत असतो.

माझी फाईल तपासणी होऊन पुढे गेली आहे, रक्कम अजून जमा व्हायची आहे. संच चालू आहे, आंबे बहाराचं, म्हणजे मोसंबीच्या हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचं, पाणी त्यावरच दिलं. आता भावाच्या गटाचा अर्ज टाकायचा आहे. त्याच्या आधारला मोबाईल जोडून झाला, आयडी आला, बँकेचं खातं तपासलं. वीजबिलाची ताजी पावती तेवढी राहिली आहे.