शेकरू दिसलं!

आज पहाटेच पुणं सोडलं, मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकर. दर्शन झालं, पण आम्हा दोघांची खरी ओढ जंगलाची. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर ह्यांनी एकदम माझा हात धरून थांबवलं. वर उंबराच्या फांदीवर शेकरू! तांबूस पाठ, फिकट पोट, झुबकेदार लांब शेपूट खाली सोडलेली. पुढच्या पायांत फळ धरून कुरतडत होतं, तुकडे आमच्या पुढ्यात पडत होते. मग एका झेपेत पलीकडच्या झाडावर! ते जमिनीवर क्वचितच उतरतं, म्हणून त्याला फांदीला फांदी भिडलेलं जंगलच हवं. आपल्या राज्यप्राण्याचं हे हक्काचं घर, १९८५ पासूनचं अभयारण्य, आणि वाटेत वेफर्सची पाकिटं! फार वाईट वाटलं. जमतील तेवढी उचलून आणली. हिवाळ्यात आता चांदोली राष्ट्रीय उद्यान, ठरलंय आमचं.