कुंभार्लीच्या माथ्यावरून दाभोळपर्यंत

कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आपण जलविभाजक, म्हणजे पूर्वेकडे व पश्चिमेकडे वाहणाऱ्या पाण्याची सीमारेषा, ओलांडतो. मागे राहिलेल्या कोयनेचे पाणी खरे तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळायचे. परंतु कोयना प्रकल्पाने त्यातील दरवर्षी सुमारे ६७ टीएमसीपर्यंतचे (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवले असून पोफळी आणि कोळकेवाडी येथे वीज निर्माण करून ते वाशिष्ठी नदीत येते. त्यामुळे कोकणातील बहुतेक नद्यांची पात्रे उन्हाळ्यात खडक उघडे टाकत असताना चिपळूणची वाशिष्ठी ऐन वैशाखातही वाहताना दिसते.

घाट उतरताना जमिनीचा वापर उतारानुसार बदलत जातो. वरच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत पूर्वी राब (जमिनीवर पसरलेला पालापाचोळा व फांद्या) भाजून नाचणी-वरी घेत. मनुष्यबळ मुंबईला गेले तशी ही शेती ओसरली आणि १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाल्यावर तेथे काजू व आंब्याची कलमे वाढली. झाडे लागली हे चांगलेच, पण कलमांसाठी अख्खा डोंगर यंत्राने सोलून काढलेला पाहिला की पहिल्या पावसात ती तांबडी माती कोठे जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खाली सपाटीवर भाताचे मळे आहेत आणि त्याखाली, शिवनदी जेथे वाशिष्ठीला मिळते तेथे, चिपळूण शहर वसले आहे. भरतीचा प्रभाव येथपर्यंत पोहोचतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात डोंगरातला प्रचंड पाऊस, समुद्राची भरती आणि गाळाने उथळ झालेले पात्र यांची गाठ पडली, आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली.

परशुराम घाटातून गोवळकोटकडे पाहिले असता नदीचे रुंद वळण आणि काठची हिरवी शेते एका नजरेत मावतात. एकेकाळी भरतीबरोबर गलबते गोवळकोटच्या बंदरापर्यंत येत. त्याच घाटाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे. तिच्या सांडपाण्याबद्दल खाडीतील मच्छीमारांची तक्रार जुनी आहे.

पुढे जगबुडी नदी मिळाल्यावर खाडी रुंदावते. काठावर बांध घालून आणि उघाड्या (पाणी सोडण्या-अडवण्याची दारे) बसवून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेते आहेत. मात्र जेथे बांध फुटून दुरुस्तीविना राहिला, तेथे खाजणात, म्हणजे भरतीच्या खाऱ्या दलदलीत, कांदळवन पुन्हा पसरले आहे. शेतकऱ्याचे नुकसान झाले खरे, पण कोळंबी आणि माशांच्या पिलांना तेथे आसरा मिळतो. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलो तेव्हा ओहोटी लागली होती, आणि घाटावरचे व कोकणातले पाणी एकत्रच अंजनवेलच्या मुखाकडे निघाले होते.