तुम्ही विचारलंत म्हणून: सापो डोंगराची गोष्ट

माझ्या साबणाच्या वर्गात पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतंच. "रोमजवळच्या सापो डोंगरावर बळी द्यायचे, चरबी आणि राख पावसात नदीला मिळाली, तिथे बायकांचे कपडे जास्त स्वच्छ निघाले आणि साबणाचा शोध लागला. खरंय ना?"

नाही. रोमजवळ असा डोंगर कुठे सापडलेला नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी 'सापो'चं, म्हणजे लॅटिनमधल्या साबणाचं, श्रेय देतो ते गॉल लोकांना, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या लोकांना. चरबी आणि राखेचा, केस तांबूस करायचा तो लेप होता. रोमन माणसं अंगाला तेल चोळायची आणि धातूच्या वाकड्या पट्टीने मळासकट निपटून काढायची.

पण मला ही गोष्ट खटकते ती वेगळ्या कारणासाठी. ती सगळं श्रेय पावसाला देऊन टाकते. चुलीतल्या साध्या राखेत पोटॅश असतं, त्याचा साबण मऊ, बुळबुळीतच राहतो. कडक वडी हवी असेल तर सोडा हवा आणि तो मिळायचा खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेतून. आपला सज्जीखारही असल्याच झुडपांचा. एवढ्यानेही भागत नाही. त्या राखेत चुना मिसळून पाणी झिरपवलं, की मग तेलाला धरणारा जहाल क्षार उतरतो. हे कुणीतरी चुकत-माकत, पुन्हा पुन्हा करून शिकलेलं आहे.

ते बघायचं तर पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसकडे बघावं. तिथे साबणाच्या कारखान्याला मसबना म्हणतात. खाली तांब्याचं प्रचंड भांडं. त्यात ऑलिव्हचं तेल आणि क्षाराचं पाणी कित्येक दिवस शिजतं. पूर्वी झुडपांची राख जॉर्डन नदीपलीकडून बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, उंटांवरून आणायचे. शिजलेला रांधा वरच्या मजल्यावर नेऊन सबंध जमिनीवर ओततात. तो आळला की रंगीत दोरी ताणून रेघा मारतात, वड्या कापतात, प्रत्येकीवर ठसा उठवतात. मग हवा खेळावी म्हणून मध्ये पोकळी ठेवून माणसापेक्षा उंच निमुळते मनोरे रचतात आणि महिनोन्महिने वाळू देतात. १९२७ च्या भूकंपात आणि २००२ च्या इस्रायली लष्करी कारवाईत यांतले काही कारखाने गेले. आता मोजकेच चालू आहेत. २०२४ मध्ये युनेस्कोने या कलेची वारसा म्हणून नोंद केली, त्याच वर्षी सीरियातल्या अलेप्पोच्या, तमालपत्राच्या कुळातल्या लॉरेल झाडाचं तेल घातलेल्या साबणाचीही.

आणि पुरावा? साबण विरघळून जातो, त्यामुळे उत्खननात वडी हाती लागणं कठीण. पण २०२० मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या 'राहत' नावाच्या शहरात सुमारे १,२०० वर्षांपूर्वीचा ऑलिव्ह तेलाच्या साबणाचा कारखाना सापडला. उत्खनन करणाऱ्यांच्या मते तिथे मिश्रण सात दिवस शिजवायचे, उथळ हौदात दहा दिवस आळू द्यायचे, मग वड्या कापून आणखी वाळवायचे. तयार माल हाती यायला त्यानंतर आणखी दोन महिने.

माझ्या वर्गातली वडीसुद्धा म्हणूनच त्याच दिवशी घरी नेता येत नाही. फळीवर नाव लिहून ठेवा आणि सहा आठवड्यांनी या.