ग्राउल परत आला, पुढे काय?

स्वीडनच्या ओपेथ या मेटल बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' हा अल्बम नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. आतापर्यंत त्यावर बोलून व्हायला हवं होतं, पण आमच्या टोळीत विषय निघाला की अजूनही दोन तट पडतात. एक म्हणतो, गायक मिकाएल ओकरफेल्ट पुन्हा गुरगुरायला लागला (त्या घशातून काढलेल्या गुरगुराटी गाण्यालाच ग्राउल म्हणतात), आपला बँड परत मिळाला. दुसरा म्हणतो, रुसलेलं गिऱ्हाईक परत यावं म्हणून दुकानावर जुनी पाटी लावलीय, बाकी काही नाही.

मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघंही फक्त घसा मोजतायत.

आता घशाचा हिशेब बघायचा तर तोही वाटतो तितका सरळ नाही. २००८च्या 'वॉटरशेड'नंतर थेट या अल्बमपर्यंत एकाही स्टुडिओ अल्बमवर ग्राउल नव्हता, हे खरं. २०११ला 'हेरिटेज' आला, सत्तरच्या दशकातल्या प्रोगच्या (प्रोग्रेसिव्ह रॉकच्या) वळणाचा, आणि जी रडारड झाली ती विचारू नका. जणू बँडने घरोघरी जाऊन लोकांच्या जुन्या सीडी फोडल्या होत्या! पण २००३च्या 'डॅम्नेशन'वरही ग्राउल औषधालासुद्धा नव्हता. तो अल्बम लोक आजही डोक्यावर घेतात. का? तर काही महिने आधीच ग्राउलवाला 'डिलिव्हरन्स' येऊन गेला होता. पोट भरलेलं होतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

माझ्या मते खरा बदल झालाय तो वेळेत.

'ब्लॅकवॉटर पार्क' काढून बघा, २००१चा. आठ ट्रॅक, जवळपास ६७ मिनिटं, आणि त्यातला एक तर दोन मिनिटांचाही नाही. म्हणजे उरलेल्या सात गाण्यांना हातपाय पसरायला भरपूर जागा. रिफ, म्हणजे गिटारचा परत परत वाजणारा तुकडा, यायचा, बसायचा, अकूस्टिक गिटारला वाट करून द्यायचा आणि परत यायचा. 'डिलिव्हरन्स' या गाण्याच्या शेवटी तर एकच ठोका-रिफ मिनिटांमागून मिनिटं चालतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं प्लेअर अडकला. नंतर मान आपोआप हलायला लागते, आणि मग तो संपू नये असं वाटतं.

नव्या अल्बमवरही आठच ट्रॅक, पण सगळे मिळून ५१ मिनिटांच्या आसपास. आणि मजकूर मात्र दुप्पट कोंबलेला. रिफ येतो, तुम्ही त्याच्याशी ओळख करून घेताय तोवर स्ट्रिंग्ज घुसतात, मग निवेदन, मग भलत्याच तालात कीबोर्ड. २०२२ला आलेला ड्रमर वाल्टेरी व्हायरुनेन हे सगळं इतक्या सहज ओढून नेतो की आमच्यातला ड्रम वाजवणारा मित्र फक्त त्याच्यासाठी अल्बम ऐकतो. शब्द काय आहेत ते त्याला आजही माहीत नाही.

जे माहीत असायला हवेत, कारण ग्राउल कशाला परत आलाय ते तिथे कळतं. गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरची. एका श्रीमंत घरातला कर्ता पुरुष मेलाय आणि मुलांसमोर त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. पहिल्या सात गाण्यांना नावं नाहीत, मृत्युपत्रातल्या परिच्छेदांसारखे नुसते आकडे आहेत. जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडचा इयन अँडरसन मधूनमधून कोरड्या आवाजात निवेदन करतो (बासरीही वाजवतो, ती मात्र अजिबात कोरडी नाही). आणि ग्राउल माझ्या कानाला त्या मेलेल्या बापाचा वाटतो. आयुष्यभर घरावर दरारा ठेवलेला माणूस आता कागदातून गुरगुरतोय, आणि उलट बोलायची सोयच नाही. 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये ग्राउल हा बँडचा आवाज होता, इथे तो एका पात्राचा झालाय. म्हणून "जुने ओपेथ परत आले" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुठले जुने? असा अल्बम त्यांनी २००१ला केलाच नसता.

पाटीवाल्या तटाचंही म्हणूनच पटत नाही. लोकांना खूशच करायचं असतं तर दहा-दहा मिनिटांची पाच गाणी करून मोकळे झाले असते. आकडे लावलेली, मध्येच तुटणारी, बापाची कुलंगडी बाहेर काढणारी गाणी कोण कशाला करेल?

शेवटचं 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड' तेवढं वेगळं. त्याला नावही आहे आणि श्वास घ्यायला जागाही. संथ, स्वच्छ आवाजातलं, आणि शेवटाकडे गिटारवादक फ्रेडरिक ओकेसनचा लांबलचक सोलो. गोष्टीतली शेवटची मेख त्यातच आहे, ती सांगत नाही. ग्राउलवाले मित्र नेमकं हेच गाणं गाळतात. मी सगळ्यात जास्त तेच ऐकतो, कारण अख्ख्या अल्बममध्ये तिथेच बँड एका जागी जरा थांबतो.

त्यामुळे पुढच्या अल्बमवर ग्राउल असेल की नाही, यावर पैज लावायला मला बोलावू नका. एखादा रिफ चार मिनिटं न हलता वाजणार असेल, तर सांगा.