हाफ पँट आणि हाफ मॅरेथॉन

नाशकात पळायला निघालेल्या माणसाला आता कोणी वेड्यात काढत नाही. पहाटे गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब. मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ, पायात महागडे बूट आणि पळून झाल्यावर मिसळ कुठे खायची यावर रणकंदन. हे सगळं बाहेरून आलं, आपण हौसेनं घेतलं. मिसळ सोडून. मीही त्यातलीच गिऱ्हाईक, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

माझी तक्रार शॉर्ट्सवरून आहे.

मी चाळिशी ओलांडलेली बाई, मुलगी दहावीत, आणि मी गुडघ्याच्या वर संपणारी शॉर्ट्स घालून पळते. एप्रिल-मेमध्ये घामानं भिजलेली लेगिंग पोटऱ्यांना कशी चिकटते, हे पळणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या ग्रुपमधले काका लोक याहून तोकड्या चड्डीत, बनियन काढून स्ट्रेचिंग करतात. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मला मात्र लिफ्टमध्ये एक काकू म्हणाल्या, "पळतेस ते छान गं, पण जरा खालपर्यंत येईल अशी नाही का मिळत?" सासूबाई असं काही बोलत नाहीत. त्या फक्त भर उन्हाळ्यात दाराशी स्वेटर घेऊन उभ्या राहतात. कमरेला बांधायला.

यावर ठरलेलं वाक्य म्हणजे, "ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं." पण त्या पाश्चात्त्यांनी तरी बायकांना कधी सुखानं पळू दिलं? १९२८च्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर पळून बायका दमलेल्या दिसल्या, तर ती शर्यतच थेट १९६० पर्यंत बंद. १९६७ साली बोस्टनमध्ये कॅथरीन स्विट्झर मॅरेथॉन पळत होती, तेव्हा आयोजकांपैकी एक जण तिच्या अंगावरचा नंबर ओरबाडायला धावला. बायकांची ऑलिंपिक मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ उजाडलं. आणि २०२१ सालची गंमत तर बघाच: नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघातल्या मुली बिकिनीऐवजी शॉर्ट्स घालून खेळल्या, म्हणून त्यांना १५०० युरो दंड! तिकडे कपडा जास्त झाला म्हणून, इकडे कमी पडला म्हणून. माप घ्यायला टेप घेऊन उभे असलेले लोक दोन्हीकडे आहेतच.

आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणलं, तेव्हा अख्खा जिल्हा नाचला होता. भारतीय बाईचं राष्ट्रकुलमधलं ट्रॅकवरचं ते पहिलं वैयक्तिक पदक. तीही धावण्याच्या कपड्यांतच धावली होती. त्या फोटोंकडे बघून पँटची लांबी कोणी काढली नाही. गळ्यात पदक असलं की पाय देशाचे होतात. नसलं की सोसायटीचे.

हल्ली नऊवारी नेसून पळायचं एक खूळ आलंय. काष्टा घातला की पाय मोकळे राहतात हे खरंच आहे, आणि हौस म्हणून कोणी पळालं तर माझी ना नाही. पण दुसऱ्या दिवशी फोटोखाली "संस्कृती जपत धावल्या" असं छापून येतं, तेव्हा डोकं फिरतं. धोतर का नेसलं नाही, असं त्या बनियन काढणाऱ्या काकांना कोणी विचारलंय का? आणि माझी वेळ काय लागली ते तर कोणालाच विचारायचं नसतं.

माझी लेक टर्फवर फुटबॉल खेळते. शॉर्ट्सच्या आत घोट्यापर्यंत टाइट्स घालते, न सांगता. सासूबाई त्यावर भलत्याच खूश आहेत, नातीवर संस्कार झालेत म्हणून. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "अगं आई, टर्फवर स्लाइड मारली की गुडघे सोलटतात."