इंजिनाची नाडी

१९६८ साली मी कराडच्या एका गॅरेजमध्ये कामाला लागलो, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. पहिले सहा महिने नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुणे, पाने पुसून जागच्या जागी लावणे आणि वस्तादांना चहा आणून देणे एवढेच माझे काम होते. सातव्या महिन्यात वस्तादांनी मला एका चालू इंजिनाजवळ उभे केले, डिझेलच्या पंपाकडून सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नॉझलकडे जाणाऱ्या सहा पोलादी पाइपांपैकी एकावर माझी दोन बोटे ठेवली आणि विचारले, "काय लागतंय?" डिझेलचा प्रत्येक ठोका पाइपातून पुढे जाताना बोटांना स्पष्ट जाणवत होता. "आता बाकीचे पाच बघ आणि कुठला वेगळा लागतो ते मला सांग," असे म्हणून ते दुसऱ्या गाडीखाली गेले. मला चौथा पाइप मऊ लागला. वस्तादांनी सतराच्या पान्याने त्या पाइपाचा नट जरासा सैल केला. डिझेल बाहेर झिरपू लागले, पण इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही. म्हणजे ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हते. दुसऱ्या कोणत्याही पाइपाचा नट सैल केला असता, तर इंजिन लगेच अडखळले असते.

तिथून २०११ मध्ये काम थांबवेपर्यंत मी ट्रकांवर मिस्त्री आणि चालक अशी दोन्ही कामे केली. त्या जुन्या गाड्या कशा चालत आणि आम्ही त्या कशा चालवत असू हे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते, कारण ते ज्ञान कागदावर फारसे कधी आलेच नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जात असे, आणि आता ते घेणारे हात उरलेले नाहीत.

माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या गॅरेजात चार घराण्यांच्या गाड्या येत. सर्वांत जास्त टाटांच्या असत. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. १९६९ मध्ये तो करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचे ‘टी’ अक्षर आले, तरी जुने चालक त्या गाडीला पुढे कितीतरी वर्षे ‘बेंझ’च म्हणत राहिले. दुसरे घराणे मद्रासच्या अशोक लेलँडचे, ज्यांची ‘कॉमेट’ आमच्याकडे नावाजलेली होती. तिसरे घराणे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचे. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो बाहेर पडत. दोन्ही गाड्या मुळात क्रायस्लरच्याच. नावाची पट्टी झाकली तर ओळखणे अवघड जावे इतके त्यांच्यात साम्य होते. चौथी बेडफर्ड. १९४८ च्या १ जूनला पुण्याहून अहमदनगरला निघालेली एसटीची पहिली गाडी बेडफर्डच होती आणि वस्तादांना तिचा फार अभिमान वाटत असे. मी आलो तेव्हा बेडफर्ड आणि फार्गो उताराला लागल्या होत्या, आणि पाहता पाहता रस्त्यावर टाटा आणि लेलँड एवढेच उरले.

या दोघांची आकड्यांची भाषा वेगवेगळी होती. टाटांच्या गाडीवर १२१० लिहिलेले असे, त्याचा अर्थ मालासकट एकूण वजन साधारण बारा टन आणि इंजिनाची ताकद साधारण शंभर घोड्यांची. त्याच हिशोबाने १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस घोडे. इंजिनाचा आकडा मात्र वेगळ्या रीतीने वाचायचा. ६९२ मधला सहा म्हणजे सिलिंडर सहा, आणि ब्याण्णव म्हणजे सिलिंडरचा व्यास ब्याण्णव मिलिमीटर. पुढे आलेल्या ६९७ चा व्यास सत्त्याण्णव. लेलँडच्या ३७० चा अर्थ मी अनेक वर्षे व्यासातच शोधत होतो. अखेर वस्तादांनी सांगितले, की तो इंग्रजी घनइंचांचा आकडा आहे, म्हणजे सुमारे सहा लिटर. एक इंजिन जर्मन पद्धतीने मोजलेले आणि दुसरे इंग्रजी पद्धतीने. त्यामुळे आम्हाला पान्यांचेही दोन संच ठेवावे लागत, एक मिलिमीटरचा आणि एक इंची. घाईत इंची पाना मिलिमीटरच्या नटावर चढवला की नटाचे कोपरे गोल होत आणि त्यानंतर छिन्नी-हातोड्याशिवाय गती नसे.

६९२ ला मी माझ्या आयुष्यातले सर्वांत प्रामाणिक यंत्र मानतो. तिच्यात काही बिघडणार असेल तर ती आधी सांगत असे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या, पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा हेड गॅसकेटमधून पाणी आत शिरते आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवली की टॅपेटचा, म्हणजे झडपा हलवणाऱ्या भागाचा, टकटक आवाज वरून येतो की बेअरिंगचा जड ठोका खालून येतो, हे वेगळे ऐकू येत असे. टॅपेट वाजत असेल तर फट मोजायची फीलर गेजची पाती घालून अर्ध्या तासात ते बसवता येई. खालचा ठोका ऐकू आला तर गाडी तिथेच उभी करायची, कारण आणखी दहा किलोमीटर दामटली तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, खराब होणार आणि मालकाला पूर्ण इंजिन बांधून घ्यावे लागणार.

मालक नवीन चालक ठेवताना "गाडी चालवता येते का?" असे क्वचितच विचारत, ते गृहीतच असे. ते विचारत, "खोलता येते का?" रात्री दोन वाजता निपाणीच्या पुढे डिझेल संपले आणि लाइनीत हवा शिरली, तर येणार कोण? दूरध्वनी नाही, मदतीची गाडी नाही. क्लीनर, म्हणजे चालकाचा मदतनीस पोरगा, पाठीमागून येणाऱ्या गाडीवाल्याकडून कॅनभर डिझेल मागून आणायचा, आणि चालकाने बॅटरीच्या उजेडात फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे. आधी नुसता फेस येतो, मग बुडबुडे येतात, आणि शेवटी सलग धार लागते. धार लागली की स्क्रू आवळायचा, मग नॉझलचे नट सैल करून स्टार्टर मारायचा आणि तिथली हवाही काढायची. चालक आणि मिस्त्री ही तेव्हा दोन वेगळी माणसे नव्हती, आणि म्हणूनच गाडीचा जीव किती आहे हे चालवणाऱ्याला ठाऊक असे. ज्याने स्वतःच्या हाताने क्लचप्लेट बदलली आहे, तो क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत नाही.

गिअर हा तर स्वतंत्र विषय आहे. माझ्या सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांच्या गिअरपेटीत आजच्यासारखी दात आपोआप जुळवणारी सोय नव्हती. वरचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग उतरेपर्यंत क्षणभर थांबायचे, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. खालचा गिअर टाकताना मधल्या क्षणी, क्लच सोडलेला असताना, अ‍ॅक्सिलरेटरला नेमकी तेवढी थाप द्यायची की आतल्या दोन्ही चाकांचे वेग जुळावेत. थाप कमी पडली तर दात खरवडत, आणि जास्त पडली तरी खरवडत. ही थाप शिकवून येत नाही, ती कानाने येते. मला ती यायला जवळजवळ एक वर्ष लागले. खंबाटकीच्या चढावर मालाने भरलेल्या गाडीचा दुसरा गिअर हुकला, की गाडी क्षणार्धात उभी राही आणि मागे सरकू लागे. अशा वेळी क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारी आणि मागच्या चाकाखाली तो सरकवी. चढ लागला की क्लीनर ठोकळा मांडीवर घेऊन, दार अर्धे उघडे ठेवूनच बसत असे. असल्या कोवळ्या पोरांच्या हाती आम्ही दहा टनांचा भार सोपवत होतो, ही गोष्ट आज आठवली तरी मला अस्वस्थ करते.

उतार त्याहून वाईट. जुन्या चालकांचा एकच नियम होता: ज्या गिअरने घाट चढलास, त्याच गिअरने उतर. इंजिनाने गाडी धरून ठेवायची आणि ब्रेक अगदी गरजेपुरता वापरायचा. त्या काळातल्या अनेक गाड्यांना तेलाचे ब्रेक होते, आणि सतत पाय ठेवला की ड्रम इतके तापत की आतले तेल उकळून त्याची वाफ होई. वाफ दाबली जाते, तेलासारखी ताकद पुढे पोहोचवत नाही. त्यामुळे पेडल सरळ फळीला टेके आणि गाडीला काहीच कळत नसे. पुढे हवेचे ब्रेक सर्रास आले तेव्हा तेल उकळण्याची भीती गेली, पण तापलेल्या ड्रमवर लायनिंगची, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या अस्तराची, पकड सुटण्याचा धोका तसाच राहिला.

मी क्लीनर म्हणून फिरत होतो तेव्हाची एक रात्र मी विसरू शकत नाही. कोल्हापूरच्या बाजारातून गुळाचे रवे भरून आम्ही मुंबईला निघालो होतो. मालक डिझेल मोजून देत असे आणि वाचलेल्या डिझेलवर चालकाला दोन पैसे सुटत, म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची वाईट सवय पुष्कळांना होती. आमच्या चालकालाही होती. खंडाळ्याच्या खाली बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी आम्ही नेहमीप्रमाणे नाणे टाकले आणि पुढच्या उतारावर त्याने गाडी न्यूट्रल केली. दोन वळणांनंतर जळक्या लायनिंगचा वास केबिनमध्ये भरला. तिसऱ्या वळणावर पेडल खाली गेले. त्याने गिअर टाकायचा प्रयत्न केला, पण त्या वेगाला दात जुळणे शक्यच नव्हते. त्या माणसाने मग एकच गोष्ट बरोबर केली: दरीकडे न पाहता त्याने गाडी डोंगराकडच्या गटारात घातली आणि फाळक्याची पूर्ण बाजू कातळाला घासत नेली. गाडी थांबली तेव्हा अर्धा हौदा फाटला होता आणि रस्ताभर गूळ विखुरला होता. आम्ही दोघेही जिवंत होतो. पहाटे आसपासच्या वस्तीतली माणसे आली, त्यांनी गूळ गोळा करून आमच्याच पोत्यांत भरून दिला. पुढे मी स्वतः चालवू लागलो, आणि घाटात न्यूट्रल मी एकदाही केले नाही.

केबिनविषयी थोडेसे. कारखान्यातून तेव्हा नुसती चासी येई, पुढे बॉनेटचा पत्रा आणि मागे उघडा सांगाडा. चालक एका लाकडी खोक्यावर बसून, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मफलर बांधून ती चासी शेकडो किलोमीटर चालवत आणी. केबिन आणि हौदा इथला सुतार बांधत असे, आणि त्या सुतारकामाच्या दर्जावर चालकाचे पुढचे दहा वर्षांचे सुखदुःख अवलंबून असे. इंजिनाचा अर्धा भाग केबिनमध्ये घेतलेल्या गाड्यांत उन्हाळ्यात डावा पाय भाजून निघे. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, आणि ही गोष्ट पन्नास वर्षे आधी व्हायला हवी होती असे मला मनापासून वाटते. जुन्या गाड्यांवर माझे प्रेम आहे, पण त्यांनी माणसांचे गुडघे, कंबरा आणि कान खाल्ले, हेही तितकेच खरे आहे. पॉवर स्टिअरिंग नसलेली भरलेली गाडी बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत वळवणे म्हणजे काय, हे माझा उजवा खांदा अजूनही पावसाळ्यात सांगतो. चाकांच्या रिंगांनीही अनेकांचा घात केला. नऊशे-वीसच्या टायरला लोखंडी लॉकरिंग असे, ती नीट न बसता हवा भरली तर गोळीसारखी सुटे. आमच्या गॅरेजात हवा भरताना रिंगेवर साखळी गुंडाळण्याची सक्ती होती, आणि ती सक्ती एका शेजाऱ्याचा हात गेल्यानंतर आली.

मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या क्लीनरचा नातू, जो आता स्वतः मिस्त्री आहे, मला त्याच्या गॅरेजात घेऊन गेला. समोर धुराच्या बीएस-६ नियमांची नवी गाडी उभी होती आणि इंजिन थोडे अडखळत होते. माझा हात सवयीने पाइपाकडे गेला. त्याने माझे मनगट पटकन धरले. "आजोबा, हात नका लावू. चालू इंजिनावर ह्याचा नट कधी सोडायचा नाही." आमच्या काळी नॉझल साधारण दोनशे बारच्या दाबाला उघडे, या पाइपांत दीड हजारांच्या वर दाब असतो, आणि तेवढ्या दाबाने सुटलेली बारीक धार कातडी फोडून आत शिरते, हे त्याने मला शांतपणे समजावून सांगितले. मग त्याने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, पडद्यावर सहाही सिलिंडर एकेक करून बंद करून पाहिले आणि दुसऱ्या सिलिंडरचे नॉझल सदोष असल्याचे दाखवले. पद्धत आमचीच होती: एकेक सिलिंडर बंद करायचे आणि इंजिन काय म्हणते ते पाहायचे.

त्याने इंजिन बंद केले, दाब उतरेपर्यंत थांबला, आणि पाना मागितला. टेबलावरचा पाना पुसून मी त्याच्या हातात दिला.