गरम पाण्यात सहा पॅक्स

"शहरात दोन रात्री कशाला घालवायच्या? जहाज पहिली रात्र बुडापेस्टलाच उभं आहे. शहर दाखवायची बसही त्यांचीच. आपण वीस तारखेला दुपारी बारा वीसला उतरतो, चारला जहाजावर. हॉटेलचे पैसे उगाच का भरायचे?"

फेब्रुवारी २०२४ मध्ये काकांनी हा हिशोब माझ्या टेबलावर ठेवला, तोही एक्सेलमध्ये, रंग भरून. काका म्हणजे माझे ग्राहक, छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. बरोबर काकू, काकूंची बहीण म्हणजे मावशी, तिचे यजमान आणि शेजारचं एक जोडपं. सहा पॅक्स, म्हणजे आमच्या भाषेत सहा प्रवासी. डॅन्यूब नदीवरची सात रात्रींची क्रूझ, हंगेरीतल्या बुडापेस्टहून प्रवाहाच्या उलट, ऑस्ट्रियातून जर्मनीतल्या पासाऊपर्यंत, २० सप्टेंबरला सुरू होणारी.

मी सतरा वर्षं सहली आखून देण्याच्या धंद्यात आहे आणि क्रूझच्या दिवशीच त्या शहरात उतरणारं तिकीट मी हाताने काढत नाही. विमान चुकलं तर हॉटेल थांबतं, जहाज थांबत नाही. मधल्या विमानतळावर बॅग अडकली तर ती हॉटेलवर दुसऱ्या दिवशी येते. जहाजाच्या मागे धावणारी बॅग मी एकदा लिंझपर्यंत पोचवलेली आहे, तो अनुभव परत नको. हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "बरं, पण त्याची शक्यता किती टक्के?"

टक्केवारीने काम झालं नसतं. काम केलं ते पंचांगाने. त्या वर्षी अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती आणि १८ पासून पितृपक्ष. काकूंकडे दहा दिवसांचा गणपती, त्यामुळे विसर्जनाआधी निघणं शक्यच नव्हतं. आणि मावशी म्हणाल्या, पितृपक्षात घरातून पाऊल बाहेर काढायचं नाही. म्हणजे काकांच्या प्लॅनप्रमाणे १९ ला निघणं बाद. उरला एकच दिवस, १७. सकाळी घरच्या घरी बादलीत विसर्जन, मिरवणुका रस्ते अडवायच्या आत पुण्याबाहेर, पहाटेचं मुंबईहून विमान, आखातात बदलून १८ ला दुपारी बुडापेस्ट. विमान तारखेने १८ चं होतं, पण मावशी म्हणाल्या, "प्रस्थान सतराला ठेवलं की झालं." अशा रीतीने माझा प्री-स्टे, म्हणजे जहाजाआधीचा हॉटेलातला मुक्काम, मंजूर झाला. दोन रात्री.

शेजारच्या काकांना तीन रात्री हव्या होत्या. मी नको म्हटलं, आणि त्याचं कारण पर्यटनाचं नव्हतं, व्हिसाचं होतं. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा. त्यासाठी अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे जिथे मुक्काम जास्त त्यावर ठरतं, आणि जहाजावरच्या रात्रीही त्यात मोजतात. आमच्या आखणीत ऑस्ट्रियात चार रात्री, हंगेरीत तीन. हंगेरीत एक वाढवली असती तर चार-चार झाल्या असत्या, आणि बरोबरी झाली की ज्या देशात आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे अर्ज. एका रात्रीने सगळी फाइल दुसऱ्या दूतावासाकडे गेली असती. लोकांना वाटतं आम्ही हॉटेलं बुक करतो. निम्मा वेळ आम्ही रात्री मोजत असतो.

हॉटेल मी देआक फेरेन्त्स चौकाजवळ घेतलं. काकूंच्या भाचीने नदीकाठचं, खिडकीतून संसद दिसणारं एक हॉटेल पाठवलं होतं. पण बुडापेस्टमध्ये जहाज काठाला नेमकं कुठे लागेल ते शेवटच्या दिवसापर्यंत बदलू शकतं, त्यामुळे धक्क्याजवळ राहण्याला अर्थ नाही. देआक चौकात तीन मेट्रो मार्ग एकत्र येतात आणि विमानतळाची बसही तिथेच सोडते. सहा जणांतले चार सत्तरीच्या आसपासचे, त्यांना खिडकीतल्या संसदेपेक्षा मेट्रोचा जिना जवळ असणं महत्त्वाचं.

कार्यक्रमाचा माझा नियम साधा: जे जहाजवाले दाखवणार ते आपण बघायचं नाही. त्यांची बस बुडाच्या टेकडीवर नेणार, फिशरमेन्स बॅस्टियनला फोटो काढायला लावणार. मग आपण १८९७ चा मोठा बाजार बघू, १८९६ पासून धावणाऱ्या भुयारी मेट्रोच्या छोट्या पिवळ्या डब्यात बसू आणि १९१३ च्या सेचेनी स्नानगृहात जाऊ. काकू शाकाहारी, म्हणून फोझेलेक शोधून ठेवलं. ही हंगेरीची घट्टसर पातळ भाजी, अगदी आपल्या पालकाच्या नाहीतर लाल भोपळ्याच्या भाजीची चुलत बहीण. फक्त डुकराची चरबी घातली आहे का आणि वर मांसाचा तुकडा ठेवणार का, हे दोन्ही आधी विचारायचं. हे दोन प्रश्न मी हंगेरियन भाषेत छापून काकूंच्या पर्समध्ये दिले होते.

एक चूक मात्र केली. भाचीच्या रील्सना भुलून १८ च्या संध्याकाळी डॅन्यूबवर दिव्यांची बोट बुक केली, परत न मिळणाऱ्या पैशांत. सात रात्री बोटीत राहणाऱ्या माणसांना आधी आणखी एक बोट! मला कळत होतं, तरी केलं.

१४ सप्टेंबरच्या शनिवारी घरी गौरी-गणपतीचे पाहुणे नुकतेच निवळले होते आणि मी फोनवर ऑस्ट्रियाचा पाऊस बघत बसले होते. बोरिस नावाचं वादळ मध्य युरोपावर ठाण मांडून बसलं होतं. रविवारी लोअर ऑस्ट्रिया हा अख्खा प्रांत आपत्तिग्रस्त जाहीर झाला. व्हिएन्नात भुयारी रेल्वेचे काही मार्ग बंद पडले. डॅन्यूबवरची वाहतूक थांबली, आणि आमचं जहाज आधीची फेरी अर्धवट सोडून व्हिएन्नाच्या धक्क्याला बांधून ठेवलं गेलं.

काकांचा फोन आलाच. ते सिंहगड रस्त्याला राहतात. त्याच वर्षी २५ जुलैला त्यांच्या भागातल्या सोसायट्यांत पहाटे पाणी शिरलं होतं. त्यांचा पहिला प्रश्न अस्सल पुणेरी होता: "धरणातून किती सोडलंय?"

मी म्हटलं, "काका, तिकडे क्युसेकमध्ये नाही बोलत. सेंटिमीटरमध्ये बोलतात."

मग त्यांना बुडापेस्टच्या विगादो चौकातल्या मापाची गोष्ट सांगितली. तो आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, ठरवलेल्या शून्यापासून पाण्याची उंची. २०१३ च्या जूनमध्ये तो ८९१ पर्यंत गेला होता, आजवरचा उच्चांक. या वेळी त्याच्या खालीच राहील पण आठशे ओलांडेल, आणि वीस-एकवीसच्या सुमारास. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पाऊस चौदाला, आणि पाणी येणार एकवीसला? आमच्याकडे रात्री झोपलो तेव्हा कोरडं होतं हो."

हाच तर फरक आहे. मुठा दार वाजवत नाही. डॅन्यूब तारीख कळवून येते, तीही आठवडाभर आधी. पण तारीख कळली म्हणून ती बदलता येत नाही, आणि त्या तारखेला आपलं जहाज सुटणार होतं.

"पाणी जास्त म्हणजे जहाजाला चांगलंच ना?" हा प्रश्न मावशींचा. नाही. पाणी चढलं की पूल खाली येतात. ही जहाजं एकशे दहा ते एकशे पस्तीस मीटर लांब आणि बसकी असतात, वरच्या मजल्यावरची सुकाणूची खोलीसुद्धा खाली दाबता येते, तरी पुलाखालून जायला जागा उरत नाही. शिवाय धक्केच पाण्याखाली गेलेले, माणसं चढणार कुठून?

कंपनी फेरी रद्द करत नव्हती. आपण रद्द केली तर पैसे बुडाले. म्हणून ठरल्याप्रमाणे सगळे निघाले. १७ ला सकाळी आरती झाली, बादलीत बाप्पा, अकराच्या आत गाडी एक्स्प्रेसवेवर.

१८ ला सुखरूप पोचले. दिव्यांची बोट अर्थातच बंद. मार्गारेट बेट बंद, नदीकाठचे खालचे रस्ते पाण्यात. संध्याकाळी काकांनी व्हिडिओ पाठवला, वाळूच्या पोत्यांच्या भिंतीमागे उभी असलेली गर्दी, आणि खाली मजकूर: "इथलेही पूर बघायला येतात. अगदी लकडी पूल."

आता १९ तारीख, गुरुवार. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कंपनीची मेल आली. तिकडे नऊ चाळीस झाले होते. जहाज बुडापेस्टला येणार नाही. उद्या सकाळी दहाला अमुक हॉटेलच्या लॉबीत जमा, तिथून बसने व्हिएन्ना, तिथे जहाजावर चढायचं. ज्यांना हे नको त्यांनी फेरी रद्द करून पुढच्या वर्षीचं क्रेडिट घ्यावं. निर्णय स्थानिक वेळेनुसार दुपारी बाराच्या आत कळवा, बसमधल्या जागा त्याप्रमाणे. आणि खाली बारीक अक्षरात: जे उद्या दुपारी उतरणार आहेत त्यांनी व्हिएन्नाला स्वतःच्या सोयीने पोचावं.

म्हणजे माझ्याकडे साडेतीनपर्यंत वेळ. काकांना फोन लावला. वाजतोय, उचलत नाहीत. काकू, मावशी, मावशींचे यजमान, शेजारी, शेजारीण. सहा फोन, सहाही वाजतायत. दहा मिनिटांनी परत. अर्ध्या तासाने परत. हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारलं, तर नाश्ता करून नऊला बाहेर पडलेत. पोटात गोळा आला. पूर बघायला जाणारी माणसं ही, काठावर कुठे घसरली तर?

पावणेतीनला मी काकांच्या मुलाला बंगळुरूला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाला, "ताई, बाबा काय म्हणतायत?" मी म्हटलं, "तेच कळत नाहीये." तर म्हणतो, "मग मी कसं सांगू? बाबांना विचारल्याशिवाय आमच्याकडे पंखासुद्धा बदलत नाहीत."

आमचे साहेब विमानात. ऑफिसात मी आणि नुकतीच लागलेली एक मुलगी. ती म्हणाली, "मॅडम, लिहून घेतल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही ना?" बरोबर होतं तिचं. सहा माणसांचे मिळून पंधरा लाखांच्या वर पैसे, आणि फॉर्मवर दोनच चौकोन.

तीन वीसला मी बसचा चौकोन भरला. विचार इतकाच केला की क्रेडिट घेतलं तर माघार नाही. बसला हो म्हणून उद्या कोणी चढलं नाही तर निदान भांडता तरी येईल. व्हिसाच्या रात्री तेवढ्यातही मोजल्या: बुडापेस्टला फक्त दोन, ऑस्ट्रियात आणखी जास्त. ठीक. पाठवून दिलं. मग जागेवरून उठून पाणी प्यायले.

तीन पन्नासला काकांचा फोन.

"अहो मॅडम, किती मिस्ड कॉल! काय झालं?"

"काका, आहात कुठे? पाणी कसं आहे तिकडे?"

"पाणी? अहो, फर्स्ट क्लास! गरम! अडतीस डिग्री!"

सेचेनीत होते. मीच लिहून दिलं होतं, दिवस दुसरा, सकाळ, सेचेनी, फोन लॉकरमध्ये ठेवा. "सकाळी लवकर जा म्हणजे गर्दी नसेल" हेही मीच. पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे बघत काका दीड तास हलले नव्हते, आणि 'असले कपडे मी घालायची नाही' म्हणणाऱ्या काकू सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. न विचारता बस घेतली हेही. पलीकडे शांतता. मागे कोणीतरी ओले केस पुसत काहीतरी म्हणालं. मग काकांनी विचारलं, "रद्दचा पर्याय होता?"

"होता."

"आणि आज उतरून उद्या चढणाऱ्यांचं काय?"

"आज उतरणाऱ्यांना बस आहे. उद्या उतरणाऱ्यांनी आपलं आपण बघायचं."

"म्हणजे बारा वीसवाल्यांनी," काका म्हणाले. त्यापुढे त्यांनी काही म्हटलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवसाच्या सूचना मी मराठीत टाइप करून पाठवल्या. पूल तुंबलेत, टॅक्सी नको, मेट्रोने जा, तासभर आधी निघा. पासपोर्ट मोठ्या बॅगेत नको, हातात. शेंगेन असलं तरी हंगेरीच्या सीमेवर ऑस्ट्रियाचे पोलीस बस थांबवून तपासतात. काकूंनी डबा म्हणून बाजारातून केळी आणि गोड चिमणी केक घ्यावा, तो धुराड्यासारखा गुंडाळलेला असतो तो. संध्याकाळी पाचला व्हिएन्नाहून जहाजाच्या केबिनमधला फोटो आला. चेक करायला मी मोजले, सहाच्या सहा.

बुडापेस्टला पाणी २१ सप्टेंबरला ८३० सेंटिमीटरवर जाऊन थांबलं. काकांना तो आकडा माझ्याआधी कळला होता. ब्रातिस्लाव्हा हुकलं, बुडापेस्टची जहाजवाल्यांची बसही हुकली, त्यामुळे बुडाची टेकडी या मंडळींनी पाहिलीच नाही. माझ्या नियमाचा हा तोटा. शेजारच्या काकू अजून ऐकवतात. व्हिएन्नात मात्र काकांना एकवीस किलोमीटर लांबीची दुसरी डॅन्यूब सापडली, शहराला पुरापासून वाचवायला १९७२ ते १९८८ या काळात खणलेली. तिचे त्यांनी बेचाळीस फोटो पाठवले. जहाजाचे तीन.

भरपाईचं काय झालं ते लांबण आहे, आणि अजून संपलेलं नाही.

नोव्हेंबरात काका पुन्हा टेबलासमोर. या वेळी ऱ्हाइन, बासेलहून ॲम्स्टरडॅम. एक्सेल तशीच, रंग भरून. पहिल्या ओळीत हॉटेल, बासेल, तीन रात्री. मी पेन घेऊन रात्री मोजायला लागले, तर म्हणाले, "मोजल्यात मी. स्वित्झर्लंडच्या तीन, जर्मनीच्या चार. चालतंय." मग चष्मा पुसत विचारलं, "ऱ्हाइनवर ते कौबचं माप असतं म्हणे. तिथे पाणी कमी झालं की जहाज अडतं. ते रोज सकाळी कुठे बघायचं, तेवढं लिहून द्या."